आईची कवळी

"म्हण, साठ."

"साठ."

"एकसष्ट."

"एकसष्ट. विष्णू, दर वेळी मी सासष्टला पोचते आणि तू गाडी मागे नेतोस. आज सत्तरीपर्यंत तरी जाऊ दे मला. ऐंशीची बाई आहे मी."

"आई, तू फक्त बोल."

"सासष्ट," अहल्याबाई म्हणाल्या, आणि त्या शब्दाच्या आत कुठेतरी बारीक शीळ वाजली. इतकी बारीक, की स्वयंपाकघरातून कान देऊन असलेल्या सुनेला, जयूला, ती ऐकूही आली नाही. विष्णूला आली. त्याने आईच्या तोंडातून वरचे दात काढले, उजेडात धरून पाहिले आणि स्पिरिटचा दिवा पेटवला.

"वितळवू नकोस रे," अहल्याबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या.

"थोडंसंच. पुढचे दोन जरा आत घेतो."

"थोडंसंच म्हणून तू आधीचे दोन संच वितळवलेस. तुझ्या मेणाची चव मला आता पोह्यांपेक्षा ओळखीची झाली आहे."

विष्णू कवळ्या बनवायचा. माधवनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि विष्णू दात पाठवायचा. आधी मापावरून प्लॅस्टरचा साचा करायचा. त्यावर मेणात दात बसवायचे आणि ते मेणाचे दात एकदा तोंडात घालून बघायचे, 'स'ला शीळ वाजते का ते ऐकायला साठपासून आकडे म्हणवून घ्यायचे. बोलताना, चावताना सगळं ठीक वाटलं, की मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरून ते गरम पाण्यात शिजवायचं. मेण असेपर्यंत मागे फिरता येतं. एकदा शिजलं की नाही.

विष्णूला मागे फिरायची सवय होती. तरुणपणी त्याच्या कामाचं सगळ्यांनी इतकं कौतुक केलं, की ते त्याच्या मानेवर बसलं ते उतरलंच नाही. दाताचा कोन त्याला खटकला की तो उठून पुन्हा दिवा लावायचा. आत कोणीतरी म्हणायचं, "नाही झालं." आणि विष्णू त्याचं ऐकायचा. बायको रागावली तरी त्याचंच ऐकायचा.

परक्यांच्या बाबतीत हे कसंबसं निभत होतं. आईच्या बाबतीत निभेना. अहल्याबाईंचे उरलेसुरले दात दिवाळीनंतर काढले होते. दात काढलेली हिरडी काही स्वस्थ बसत नाही; पहिलं वर्षभर ती झिजत, आत जात राहते. विष्णू एक संच मनासारखा जुळवत आणायचा, तोवर हिरडीच बदललेली असायची. मग पुन्हा माप, पुन्हा साचा, पुन्हा मेण. असं करत चैत्र उजाडला होता आणि अहल्याबाई अजून बोळक्याच होत्या.

"अख्ख्या गावाला दात वाटून राहिले," जयू बाहेर येत म्हणाली, "आणि घरची म्हातारी पोळी दुधात बुडवून खाऊन राहिली. लोक मला विचारतात. मी काय सांगू, माल घरच्यांना मिळत नाही म्हणून?"

"पोळीचं मला काही नाही गं," अहल्याबाई म्हणाल्या. "मधुराच्या लग्नाचं सांग त्याला."

तेच खरं होतं. उज्जैनच्या मराठी घरांतल्या कितीतरी मुलींचा अंतरपाट अहल्याबाईंच्या मंगलाष्टकांवर दूर झाला होता. प्रत्येक नवरीसाठी त्या नवी मंगलाष्टकं रचायच्या. नवरीचं नाव, तिचे गुण, तिच्या माहेरची माणसं, सगळं त्यात गुंफायच्या. आवाज मोठा नव्हता, पण शब्द असा स्वच्छ यायचा की शेवटच्या खुर्चीवरचा माणूस अक्षता मुठीत धरून गप्प व्हायचा. आता सख्ख्या नातीचं, विष्णूच्या मुलीचं लग्न होतं, वैशाखात. आणि दातांवाचून शब्द म्हणजे नुसती हवा.

"फसफसत मी नाही गाणार," त्यांनी विष्णूला आधीच सांगून ठेवलं होतं. "दात असले तर गाईन. नाहीतर मोबाइलवर लावा कोणाचं तरी, हल्ली लावतातच."

त्या संध्याकाळी विष्णूने पुढचे दोन दात आत घेतले. मग त्यांच्या शेजारचे त्याला पुढे आल्यासारखे दिसले. जयूने जेवायला हाक मारली तेव्हा टेबलावर मेणाचा गोळा होता आणि दात सगळे सुटे पडले होते.

*

डॉक्टर शैलेंद्रचा दवाखाना जवळच होता. अहल्याबाईंचे दात त्यानेच काढले होते आणि तिसऱ्यांदा मापही त्यानेच घेतलं होतं. वयाने विष्णूच्या मुलासारखा, म्हणून काका म्हणायचा.

दोन दिवसांनी विष्णू त्याच्याकडे एक तयार कवळी घेऊन गेला. देवासहून आलेला एक निवृत्त बस ड्रायव्हर खुर्चीत बसून वाट बघत होता. विष्णूने डबी उघडली, दारातच थांबला, एक सुळा पाहिला आणि डबी बंद केली.

"उद्या आणतो," तो म्हणाला आणि जिना उतरू लागला.

शैलेंद्र हातमोजे न काढताच मागे धावला. "काका, थांबा. तो माणूस दोनदा येऊन गेलाय. काय झालं?"

"सुळा फिरलाय."

"किती?"

शैलेंद्रने डबी घेतली, उघडली, बराच वेळ बघितलं. "मला नाही दिसत. मी डॉक्टर आहे, तरी नाही दिसत. त्याच्या बायकोला काय दिसणार आहे?"

"मला दिसतो ना."

"काका, राग मानू नका. तुमच्यासारखं काम मला उज्जैनमध्ये कोणी देत नाही. पण तुम्ही पण देतच नाही." तो जिन्याच्या पायरीवर बसला. "झोप लागते का तुम्हाला?"

"लागते. मग उघडते."

"माझीही उघडायची. रूट कॅनल करून घरी गेलो की वाटायचं, आत काहीतरी राहिलं. शेवटी हात थरथरायला लागला. मी नानाखेड्याला मीराताईंकडे गेलो. त्या बोलतात आपल्याशी. औषध वगैरे नाही."

"मी काय पागल आहे?"

"पागल असता तर आरामात झोपला असता. जाऊन तर बघा. आजीसाठी जा. पुढच्या महिन्यात लग्न आहे आणि मी चौथ्यांदा माप नाही घेणार, हे आत्ताच सांगतो."

डबी शैलेंद्रने परत दिली नाही. ड्रायव्हरच्या तोंडात ती कवळी बसली. विष्णू ते बघायला थांबला नाही. दोन दिवस त्याला तो सुळा डोळ्यांसमोर दिसत होता. मग जयूनेच फोन करून मीराताईंची वेळ घेतली आणि त्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेली.

*

मीराताईंची खोली एका शिकवणीच्या वर्गाच्या वर होती. खालून कोणीतरी गणिताचं सूत्र पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होतं. मीराताई पन्नाशीच्या, खादीची साडी नेसलेल्या, घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलत वाढलेल्या, उज्जैनच्याच.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं, कारण विष्णू त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"तुमचा डावा सुळा थोडा वर चढलाय."

"हो. लहानपणापासून. मी त्यानेच खाऊन राहिले आजवर." त्या हसल्या, आणि तो सुळा आणखी दिसला. "बसा. आणि मला सांगा, काम करताना तुमच्याशी कोण बोलतं?"

विष्णूला वाटलं, हा प्रश्न वेड्यांना विचारतात. पण उत्तर तयार होतं. "एक जण आहे. नाही झालं, म्हणतो."

"आवाज कोणाचा? वडिलांचा?"

"छे. बाबा साधे होते. रेल्वेत तिकिटं द्यायचे. मी आमटीत मीठ विसरलो तरी छान झाली म्हणायचे."

"मग जाऊ द्या बाबांना. दर वेळी कोणी मारणारा सापडलाच पाहिजे असं नाही." त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तो जो बोलतो ना, तो तिथे आहे असं समजा. कसा दिसतो?"

विष्णूला हे थट्टेचं वाटलं. पण खोलीत तिसरं कोणी नव्हतं आणि जयू खाली शहाळं पीत होती. त्याने खुर्चीकडे पाहिलं. "माझ्यासारखाच. पण बसलेला नाही. उभा आहे. मागे."

"कधी बसतो?"

"कधीच नाही."

"दमत नसेल?"

विष्णूने हे कधी मनात आणलं नव्हतं. आजवर तो त्याला घाबरत आला होता, नाहीतर चिडत आला होता. आता त्याला तो माणूस दिसला, आणि दिसला तो थकलेला. टेबलामागे रात्रंदिवस उभा राहून पाय सुजलेला.

"आज एवढंच," मीराताई म्हणाल्या. "त्याला हाकलू नका. हाकललं की तो दार लावून आतच बसेल. घरी गेलात की टेबलाजवळ एक स्टूल ठेवा. त्याला सांगा, बस. तू म्हणशील ते मी ऐकेन, पण करेनच असं नाही."

जयूने घरी आल्यावर विचारलं, "काय म्हणाल्या?"

"स्टूल ठेवायला सांगितलंय."

"एवढ्यासाठी मी भर उन्हात स्कूटर चालवली?" जयू म्हणाली, पण गच्चीवरचं स्टूल आणून तिने ते पुसून ठेवलं. कोणासाठी ते विचारलं नाही.

विष्णूला पहिले काही दिवस लाज वाटली. मग एका दुपारी, रामघाटावर पूजा सांगणाऱ्या एका पंड्याचे खालचे दात जुळवताना, "नाही झालं" ऐकू आलं आणि त्याने हातातलं काम न थांबवता स्टुलाकडे पाहून म्हटलं, "ऐकलं. दाढ खाली आहे म्हणतोस. आहे. पण त्याला शेव खायची आहे, तेवढं होईल." त्याने कवळी शिजवली आणि पाठवून दिली. रात्रभर त्याला उठून घाटावर धावत जावंसं वाटलं. सकाळी तो पंड्या वाटेत भेटला तेव्हा तोंडभर शेव खात होता आणि बोलताना ती विष्णूच्या सदऱ्यावर उडत होती. त्याला दातांविषयी काहीच म्हणायचं नव्हतं. पाऊस यंदा कधी येईल, एवढंच विचारून तो गेला.

परक्यांची कामं सुटू लागली. आईचं काम मात्र तसंच होतं. तिथे स्टुलाचा उपयोग होईना. तिथे तो माणूस बसत नव्हता.

मीराताईंना त्याने हे सांगितलं. खाली आज गणित नव्हतं, कोणीतरी इतिहास वाचत होतं.

"त्याला विचारा," त्या म्हणाल्या, "आईची कवळी पुरी झाली तर काय होईल म्हणून तो घाबरतो?"

"काय होणार? ती वापरेल."

"मग?"

"मग गाईल. जेवेल. खूश होईल."

"मग?"

विष्णू त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. त्याच्या धंद्यात म्हातारी माणसंच जास्त. वर्षा-दोन वर्षांनी एखादा मुलगा डॉक्टरकडे येऊन विचारायचा, बाबा गेले, त्यांची कवळी कोणाला उपयोगी पडेल का? शैलेंद्र ती विष्णूकडे पाठवायचा, कारण टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. विष्णू ती घ्यायचा. आपले दात तो लगेच ओळखायचा.

"ऐंशीच्या बाईला," तो शेवटी म्हणाला, "त्यानंतर दुसरी कोण करतं?"

मीराताईंनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"तो चूक शोधतच नाहीये," विष्णू म्हणाला. "संध्याकाळी आई टेबलासमोर येऊन बसते, आ करते, मी तिच्या तोंडात बघतो. तिला बोलायला लावतो. ती मला टोमणे मारते. रोज." त्याने डोळे पुसले. "त्याला हे चालू ठेवायचंय."

"आणि तुम्हाला?"

"मला तिला गाताना ऐकायचंय."

"हे दोघांचं भांडण आहे खरं," मीराताई म्हणाल्या. "दोघांचंही प्रेम तिच्यावरच आहे. आता घरी जाऊन तिलाच विचारा. तोंड तिचं आहे."

*

अहल्याबाई गॅलरीत बसून मेथीची भाजी निवडत होत्या. विष्णू त्यांच्यासमोर खाली बसला आणि एकेक देठ काढू लागला.

"आई, मी तुझी कवळी मुद्दाम लांबवली."

"मुद्दाम?"

"मला ठाऊक नव्हतं. आता कळलं. मनात येत होतं, ही तुझी शेवटची असणार."

अहल्याबाईंनी भाजीतून मान वर केली नाही. "असणारच. त्यात काय."

"तुला काही नाही वाटत?"

"वाटतं ना. वाटतं की एवढा कारागीर मुलगा आणि मी मेणच चघळत गेले. विष्णू, सरणावर काय कोरे दात घेऊन जाऊ? मला ते झिजवू दे, बाबा. दाढा सपाट होऊ देत. बडीशेप अडकू दे. तुझे बाबा तीस वर्षं एकच चप्पल शिवून शिवून वापरायचे, चांभार हात जोडायचा त्यांना. वस्तू अशी संपली पाहिजे."

"पण संध्याकाळी तू येऊन बसतेस..."

"दात आले म्हणजे मी काय संन्यास घेऊन राहिले? येईन की. उलट आता बसून काही खाईन तरी." त्यांनी देठांची रास त्याच्याकडे ढकलली. "हे टाकून ये. आणि मोठी पानं निवडून घेऊन राहिलास, तसं नको. सगळं घे. शिजलं की सारखंच."

शैलेंद्रने चौथ्यांदा माप घेतलं. घेताना एकदाही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. विष्णूने साचा केला, मेण लावलं, दात बसवले. अहल्याबाई टेबलासमोर येऊन बसल्या. साठ झालं, एकसष्ट झालं. सासष्टला शीळ वाजली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवा शेजारीच होता. विष्णूचा हात दिव्याकडे गेला नाही असं नाही. गेला, आणि काडेपेटीवर थांबला. आत तो बोलला. विष्णूने त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं. शीळ आहे. पुढच्या दोन दातांमुळे आहे. त्यांना हात लावला की शेजारचे हलतील, ते हलले की पुन्हा महिना जाईल आणि हिरडी आणखी आत जाईल. सगळं खरं होतं.

"सदुसष्ट म्हण," तो म्हणाला.

अहल्याबाई ताठ बसल्या. मग म्हणाल्या, "सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर." आणि त्याने काढायला हात पुढे केला तरी त्या ऐंशीपर्यंत म्हणतच राहिल्या.

कवळी त्याने त्याच रात्री शिजवायला घातली. पाणी तापत होतं तोवर तो शेजारी बसून राहिला. झाकण उघडून बघायची इच्छा झाली. त्याने उघडलं नाही. बघण्यासारखं आता काही नव्हतं. जे होतं ते आत पक्कं होत होतं.

*

लग्न इंदूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला मधुरा, दुसऱ्या बाजूला इंदूरचा अपूर्व. गुरुजींनी आपलं म्हणून झाल्यावर माइक अहल्याबाईंच्या हातात दिला.

पहिलं कडवं असं स्वच्छ आलं, की मागे सरबताचे पेले वाटणारी माणसं थांबली. मधुराचं नाव आलं तेव्हा तिने खाली घातलेली मान आणखी खाली घातली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी 'सावधान'वर शीळ वाजली. माइकमुळे ती चांगली मोठी झाली आणि सगळ्या हॉलभर फिरली. मागच्या रांगेत कोणीतरी हसू दाबलं.

विष्णूच्या आत तो ताडकन उठला.

"ऐकलं," विष्णूने त्याला सांगितलं. "बस. आई गाते आहे."

अहल्याबाईंनी जिभेने कवळी वर दाबली आणि तिसरं कडवं घेतलं. त्यात जयूचं नाव होतं, नणंदा-भावजयांची थट्टा होती. लोक हसले, ते आता थट्टेला हसले. पण कडवं संपताना अहल्याबाईंनी गालाला हात लावलेला विष्णूने पाहिला. हिरडी दुखत होती. त्यांनी गुरुजींकडे बघून मान हलवली आणि माइक परत केला.

त्यांनी पाच कडवी रचली होती. आठवडाभर घरात त्या ती गुणगुणत होत्या. चौथ्यात विष्णूच्या बाबांचं नाव होतं आणि पाचव्यात विष्णूचं. कवळी दोन महिने आधी मिळाली असती तर हिरडी रुळली असती आणि पाचही झाली असती. हे आतला कोणी म्हणत नव्हता. हे नुसतं खरं होतं, आणि विष्णू ते अंगावर घेऊन उभा राहिला. अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या.

गर्दीत अहल्याबाईंनी त्याला खुणेने जवळ बोलावलं. पदराआड वळून त्यांनी कवळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "टोचते आहे. पंगतीच्या वेळी दे. जिलबी आहे ना?"

"आहे."

रुमाल घरी राहिला होता. विष्णूने ते ओले दात रेशमी कुडत्याच्या वरच्या खिशात ठेवले. खिशावर हळूहळू ओला डाग पसरत गेला. तेवढ्यात अपूर्वचे वडील भय्यासाहेब हात पसरून आले आणि त्यांनी व्याह्यांना घट्ट मिठी मारली. मिठीत त्यांच्या छातीला काहीतरी कडक लागलं. मागे होऊन त्यांनी त्या डागाकडे पाहिलं.

"हे काय आहे, विष्णूजी?"

"आईचे दात आहेत," विष्णू म्हणाला. "मीच केलेत." आणि त्यांचा हात धरून तो त्यांना जेवायला घेऊन गेला.